तळं वाचवण्यासाठी पक्षप्रवेश

१७ एप्रिल २०१६, रविवार
लातूरला रेल्वेनं पाणी येतंय आणि आमच्या गावचं तळं कोरडंठाक. गाळ काढा म्हणून तळं बचाव समितीचा अध्यक्ष या नात्याने निवेदनं देऊन देऊन थकलो. निर्णय पक्का: पक्षात शिरायचं. बाहेर बोंबलून काही होत नाही, आत जाऊन सिस्टीम बदलायची. तत्त्वाशी तडजोड नाही, फक्त गळ्यात उपरणं. समितीचा सेक्रेटरी दगडोबा म्हणाला, सर, तुमी त्यायला बदलणार का ते तुमाला? पोरकट प्रश्न.

२० एप्रिल
नांदेडला हॉटेलात पक्षप्रवेश. पक्षाच्या साहेबांनी दुसऱ्याशी बोलता बोलता माझा हात दाबला. पर्यावरणाची तळमळ जाणवली. शाल प्लास्टिकच्या पिशवीत दिली. बोलणार होतो, पण पहिल्याच दिवशी नको.

२४ एप्रिल
बोअरचं उद्घाटन माझ्या हस्ते. बोअरला माझा कडक विरोध. नारळ फोडला, पण मनापासून नाही.

२८ एप्रिल
आमचा तालुका जिल्हा करू, हे सांगायला साहेब येणार. हेलिकॉप्टर उतरवायचं कुठं? मीच सुचवलं, तळ्यात! साहेब तळ्यात उभे राहणार, गाळ डोळ्यांनी बघणार. मास्टरस्ट्रोक. आमची बायको शिवम्मा म्हणाली, डोकं फिरलं का वो तुमचं? तिला राजकारण कळत नाही.

२ मे
हेलिपॅडसाठी मुरूम पडतोय. टिप्परवाल्याला म्हटलं, थोडाच टाक. रोलरही आला. टेम्पररी आहे. काठच्या बाभळी तोडल्या, पंख्याला लागतात म्हणून. बाभळ तशी काटेरीच.

५ मे, दुपारी
साहेब उतरले. गाळाची फाईल पुढे केली, ती पंख्याच्या वाऱ्यानं उडाली. साहेबांनी चौफेर बघितलं आणि माईकवर जाहीर केलं की गुरुलिंग सरांनी कसली सपाट जागा काढून दिली, नवं जिल्हा कार्यालय इथंच! टाळ्यांचा कडकडाट. पहिली टाळी माझी. सवयीनं वाजली.

९ मे
समितीची मीटिंग झाली. नवी अध्यक्ष शिवम्मा. आमच्याच ओसरीवर झाली, पण मला बोलावणं नव्हतं. मी आत होतो. चहा तेवढा मला करायला लावला.

२ ऑक्टोबर
यंदा पाऊस धो धो. शेजारच्या गावांची तळी तुडुंब. आमच्याकडं पाणी मुरमावरून घसरून थेट बाजारात. जिल्ह्याचा प्रस्ताव विचाराधीन. मला मात्र पद मिळालं: नियोजित जिल्ह्याचा पर्यावरण सेल अध्यक्ष! कार्डं छापून घेतली.
शिवम्माला कार्ड दाखवलं. तिनं विचारलं, जिल्हा कवा होणार? म्हटलं, फाईल वर गेलीय. ती म्हणाली, व्हईल तवा व्हईल. उन्हाळ्यात म्हशी कुठं पाजू, तेवढं सांगा.