विमानतळ काही हलत नाहीत

४ फेब्रुवारी
फ्लाइंग क्लबच्या फळ्यावर नोटीस. यापुढे प्रत्येक पायलट सभासदाने फोनवर किंवा टॅबलेटवर नवीन ॲप घ्यायचं आणि त्यातली विमानतळांची माहिती दर चार आठवड्यांनी अपडेट करायची. खाली इन्स्ट्रक्टर बाईंची सही. काल-परवापर्यंत शाळेत असतील या. नोटीस शेवटपर्यंत वाचली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

माझ्याकडे माझं यंत्र आहे. तळहाताएवढं, सोबत छोटं पेन. पडद्यावर टोचलं की विमानतळ उघडतो. धावपट्टी केवढी, रेडिओ कशावर लावायचा, पेट्रोल मिळतं का, फोन नंबर, इतकंच काय, चहाची सोय आहे की नाही तेही. दोन विमानतळांना टोचलं की मधली रेघ, अंतर, वेळ, सगळं हजर. बनवणारी कंपनी बुडाली म्हणून अपडेट बंद झाले. पण कंपनी बुडाली, विमानतळ कुठे बुडाले? विमानतळ म्हणजे काय भाजीचे भाव आहेत, रोज बदलायला?

ही या यंत्राला डबडं म्हणते. दुर्लक्ष.

६ फेब्रुवारी
मोठी बातमी. ही विमानात बसायला तयार झाली.

लायसन्स मिळून अकरा वर्षं झाली, पण ही कधी विमानं ठेवायच्या हँगरच्या पुढे आली नाही. येत्या रविवारी धाकट्या मेहुणीचं नवं घर बघायला जायचंय. साडू फोनवर म्हणाला, गाडीने या, चार तासांचा रस्ता आहे. मी म्हणालो, रस्ता तुम्हाला लखलाभ, आम्ही सव्वा तासात वरून येतो. फोन ठेवल्यावर हिने अट घातली. शब्दशः लिहून ठेवतो.

"एकदा बसते. नीट नेलंत तर पुढेही बसेन. नाहीतर हे विमानाचं खूळ बंद, कायमचं."

नाहीतरचा प्रश्नच येत नाही.

७ फेब्रुवारी
रूट आखला. मेहुणीच्या गावाला लागूनच विमानतळ आहे. धावपट्टी उत्तम, पेट्रोल आहे, चहा आहे. हिला दाखवलं. हिने चष्मा पुसून बघितलं आणि ही माहिती कधीची म्हणून विचारलं. मी म्हणालो, डांबराला तारीख नसते. वाक्य चांगलं जमलं.

संध्याकाळी परत साडूचा फोन. म्हणे तिथे आता विमानं उतरतच नाहीत, सगळीकडे सोलर पॅनेल लावलीत. साडूला स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी गरगरतं. त्याच्याकडून मी विमानतळ शिकणार. तो बघतो कुंपणाबाहेरून, गाडीच्या काचेतून. त्याला काय दिसणार?

८ फेब्रुवारी
ही म्हणाली, निदान फोन करून तरी विचारा. ठीक आहे. यंत्रातल्या नंबरवर लावला. पहिल्या रिंगला उचलला, हे आधी नोंदवतो. कारभार चोख. पलीकडची मुलगी म्हणाली, सोलर कंपनी, बोला. मी रविवारी विमान उतरवायला जागा आहे का म्हणून विचारलं. ती म्हणाली, सर, इथे कुठली जागा, सगळी पॅनेलखाली गेलीय. शिवाय तुमच्या गच्चीवर बसवायचीत का, असंही विचारलं.

निष्कर्ष: विमानतळाने सौरऊर्जा घेतली आहे आणि वर पॅनेलचा जोडधंदा टाकला आहे. पुढारलेले लोक. जागा नाही म्हणजे रविवारची गर्दी, दुसरं काय. एक छोटं विमान कुठेही मावतं. हिला सांगितलं, फोन झाला, काळजी नको. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

९ फेब्रुवारी
ही मला घ्यायला क्लबात आली. कधी येत नाही. मी विमान पुसत होतो तेवढ्यात इन्स्ट्रक्टर बाईंशी हिची गट्टी जमली. दोघी टॅबलेटमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, काही नाही, फोटो बघतोय. जाताना मेकॅनिकशीही बोलली. ओळखी वाढवतेय. भीती चाललीय, चांगलं लक्षण आहे.

११ फेब्रुवारी
उड्डाणाच्या कागदावर बाईंची सही लागते. बाई म्हणाल्या, पर्यायी विमानतळ कुठला? ठरल्या जागी उतरता आलं नाही तर कुठे जाणार, ते आधी लिहायचं असा नियम आहे. मी म्हणालो, ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्याने पर्याय शोधावेत. बाई म्हणाल्या, मग मी नदीकाठचा टाकते. म्हटलं, टाका, तुमची हौस. यंत्राबद्दल चकार शब्द न काढता सही केली. शेवटी नमल्या.

संकल्प: उद्या साडूशी नम्रपणे वागायचं. निदान चहा होईपर्यंत.

१२ फेब्रुवारी, सकाळी
टाकी काठोकाठ भरलेली. तिकडे पेट्रोल आहे म्हणून मी अर्धीच सांगितली होती. मेकॅनिकला झापलं तर म्हणतो, वहिनी म्हणाल्या. हल्ली कुणाचं कामात लक्ष म्हणून नाही. वजन मर्यादेत बसतंय म्हणून सोडून दिलं. हिची पर्स आज जरा जास्तच चौकोनी दिसतेय. निघतो.

१२ फेब्रुवारी, दुपारी, मेहुणीचं घर
लिहिणार नव्हतो. पण रोजनिशी म्हटलं की लिहायला हवं.

उड्डाण झकास. चाकं सुटली तेव्हा हिने माझी बाही घट्ट धरली होती. मग हळूहळू सोडली. खाली शेतांवरून ढगांच्या सावल्या चालल्या होत्या. ही कपाळ काचेला लावून बघत होती. म्हणाली, "इतकं छान असतं हे?" अकरा वर्षं हे ऐकायला थांबलो होतो. डोळ्यांत पाणी आलं. समोरून ऊनही होतं.

मग यंत्र म्हणालं, पोहोचलात. खाली बघितलं. धावपट्टी होती, पण तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पॅनेलच्या रांगा. एक घिरटी मारली. हिला म्हणालो, पलीकडे मोकळी असेल. दुसरी मारली. पलीकडेही पॅनेल. यंत्राला परत टोचलं. धावपट्टी उत्तम, चहाची सोय आहे. तिसऱ्या घिरटीला घाबरलो. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. टाकी भरलेली होती, त्यामुळे पडायची भीती नव्हती. भीती त्या नाहीतरची होती. ही परत कधी बसणार नाही आणि मलाही बसू देणार नाही.

हिने पर्स उघडली आणि बाईंचा टॅबलेट काढला. चष्मा लावला. गाडीत नकाशा वाचते त्याच आवाजात म्हणाली, "उजवीकडे घ्या. नदी लागली की तिच्या कडेकडेने. रेडिओ कशावर लावायचा ते सांगू का?"

सांग म्हणालो.

नदीकाठी उतरलो. उतरणं लोण्यासारखं झालं, ते मात्र पूर्णपणे माझं. कुंपणापाशी साडू गाडीला टेकून उभा, थर्मासमधला चहा पीत. मी म्हणालो, काय योगायोग. साडू म्हणाला, योगायोग कसला, ताईंनी गुरुवारीच कळवलं होतं इकडे या म्हणून. मला कप दिला. दोन शब्द ऐकवेल असं वाटलं होतं. नाही ऐकवले. तेच जास्त लागलं.

गाडीत हिला हळूच विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मी खिडकीची काच खाली केली. हवा छान होती.

१३ फेब्रुवारी
साडूने आम्हाला विमानापर्यंत सोडलं. जाताना पॅनेलांसमोरून गाडी मुद्दाम हळू नेली. मी दुसऱ्या बाजूला बघत होतो.

खुळाचं काय ठरलं, हे विचारायची हिंमत झाली नाही. मी चाकं तपासून येईपर्यंत ही आत चढून बसलीही होती. मांडीवर टॅबलेट, पट्टा लावलेला. चला, म्हणाली. एवढंच. मला रडू फुटलं असतं, पण इंजिन सुरू करायचं होतं.

१८ फेब्रुवारी
हिने स्वतःचा टॅबलेट घेतला. उद्याचा रूट हिने आखला, पर्यायी विमानतळासकट. मला विचारलं नाही, कळवलं. म्हणजे हवेतही आता गाडीसारखंच. ही सांगणार, मी वळणार. क्लबात मेकॅनिक मला कॅप्टन म्हणायचा. आज हिला म्हणाला. ही लाजलीही नाही.

मी ॲप घेतलेलं नाही. घेणारही नाही. कुणाच्याही दबावाला बळी पडणारा मी नव्हे. यंत्र मात्र अपडेट केलं, स्वतःच्या हाताने, त्या छोट्या पेनने.

धावपट्टी: पॅनेल.
पेट्रोल: नाही.
चहाची सोय: साडूकडे.