फ्रान्सशी मैत्री, वहिनीशी अबोला

सोमवार, ३ फेब्रुवारी

"मैत्री करायची तर लांबच्याशी कर. भांडायला जवळचे आहेतच." दादा म्हणाला होता. मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा, तेही त्याच्या विरोधातल्या पक्षातून. म्हणाला आणि स्वतःच मोठ्यांदा हसला.

आज त्याचं ऐकलं म्हणायचं. विधिमंडळाच्या फ्रान्स मैत्री गटात सही करून आले. दोन्ही बाजूंचे सदस्य, पक्षबिक्ष दाराबाहेर. आमचे प्रतोद म्हणाले, "जा खुशाल. फक्त मतदानाच्या दिवशी फ्रान्सात बसू नका."

फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर, वहिनी त्या गटात आहे हे कळलं म्हणून गेले.

गेल्या वर्षी दादाला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं नाही. त्याने जागा सोडली, वहिनी उभी राहिली, निवडून आली. आमच्या पक्षाने तिच्यासमोर माणूस दिला होता. मी त्याच्या व्यासपीठावर बसले — बसावंच लागतं. एक अक्षर बोलले नाही. तेव्हापासून मला त्यांच्या घराचं दार बंद. फोन केला की वहिनीचं एकच, "ते झोपलेत." इतकं तर तान्हं बाळही झोपत नाही!

मला दादाला एकदा बघायचंय. बाकी फ्रान्सने आपलं आपण बघावं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गटाचा पहिला भाषावर्ग. विधिमंडळातलीच एक समिती-बैठकीची खोली, लांबलचक टेबल, माईक कुणी बंद केले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाचा खोकला खोलीभर. शिक्षिका तरुण आहे. तिचा नियम एकच: शेजारी समोरच्या पक्षाचा माणूस हवा. मला हाताला धरून नेऊन वहिनीशेजारी बसवलं. तिला काय माहीत, बिचारीला!

शेजारच्याची ओळख करून द्यायची होती. मला वाटलं, वहिनी "सन्माननीय सदस्या" म्हणून मोकळी होईल. ती उठली.

"बाई, नणंदेला काय म्हणतात?"

शिक्षिकेने शब्द फळ्यावर लिहिला.

"बेल-सर."

"आणि वहिनीला?"

"तेच."

"जावेला? मेहुणीला?"

"सगळ्यांना तेच. शब्दाचा अर्थ, सुंदर बहीण."

आमच्या बाजूचे मिशीवाले काका जागे झाले. "बेल-सर? आमच्या शाळेत घंटा वाजवायचे ते!" दोन्ही पक्ष एकत्र हसले. अर्थसंकल्पालाही असं कधी होत नाही. वहिनीही हसली. मग मी दिसले आणि तोंड मिटलं.

"सगळ्याच सुंदर बहिणी," ती शिक्षिकेला म्हणाली, "मग तिकडे बायका भांडतात कुणाशी?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

क्रियापदं. वहिनी मन लावून शिकते, ओठ हलवत. माझ्याशी बोलली ते एवढंच — "तुमचं पेन खाली पडलंय." पूर्वी मला तू म्हणायची.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

नको ते बोलून बसले. वर्ग सुटल्यावर कॉफीच्या यंत्रापाशी ती एकटी होती.

"वहिनी, माझा भाऊ आहे तो. कोंडून ठेवलायस तू त्याला. जागा मिळाली ना? मग आता कसला सूड?"

तिने कप तसाच ठेवला, भरलेला, आणि गेली. मी तो उचलून ओतून दिला. का, कोण जाणे.

मंगळवार, ४ मार्च

आज गटाचा अध्यक्ष निवडला. मिशीवाले काका, बिनविरोध. इतरांना कंटाळा होता.

गुरुवार, ६ मार्च

वहिनी स्वतःहून आली. जिन्यात थांबवलं.

"दार मी नाही लावलं. तेच म्हणतात, नको. राग नाही गं त्यांना. तुला बोलायला त्यांनी शिकवलं, तुझ्यासमोर अडखळायचं नाहीये. माझ्यासमोर चालतं. संध्याकाळी माझ्याकडून फ्रेंच शिकतात. त्यात आम्ही दोघं सारखेच तोतरे."

वर्षभर मी हिला बोल लावला. त्याचा शब्द राखत होती, आणि माझ्याकडून ऐकून घेत होती.

उद्या तिला विचारणार आहे: दुपारी तो गॅलरीत बसतो ना? मी समोरच्या फुटपाथवरून जाईन. थांबणार नाही, हाक मारणार नाही. तू फक्त त्याची खुर्ची रस्त्याकडे वळवून ठेव. त्याला सांगू नकोस.

नाहीच म्हणेल. ती त्याच्यापासून काही लपवत नाही.