यादीतलं दुसरं नाव

गुरुजी, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण माझा राग तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीसारखा गरम आहे. सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षेची यादी तुम्ही केली तेव्हा माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं दोनदा आलं. त्याच नावाचा भावकीतला दुसरा मुलगा माझ्याच बाकावर बसायचा, हे तुम्ही रोज पाहत होतात. तरी दुसऱ्या ओळीवर रेघ मारलीत. अमरावतीच्या केंद्रात त्या नावाची जागा एकच निघाली, तिथं तो बसला आणि मी फाटकाबाहेर बापाजवळ उभा. दुसऱ्या दिवशी बाप हात जोडून तुम्हाला विचारतो, "गुरुजी, माह्या पोराचं नाव कावून काटलं जी?" तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणता, "नाव एकच हाये ना? कोणी बी बसलं त काय फरक पडते?"

फरक हा पडला की त्या साली माझी शाळा सुटली. मूर्तिजापुरात पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करता करता म्हातारा झालो आणि साठीनंतर मोबाईलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकलो. आता दर रविवारी अकोल्याला जाऊन नातीला अन् तिच्या मैत्रिणींना शिकवतो. अ‍ॅरे म्हणजे रांगेत मांडलेले डबे, एवढं समजलं की पुढचा धडा डब्यांत परत परत आलेलं एकच नाव पुसण्याचा, आणि तिथं मी सूड उगवतो. चाळीस डब्यांत चाळीसदा तुम्हालाच भरतो, प्रोग्राम चालवतो आणि तुम्ही एकोणचाळीस वेळा नाहीसे होता. पोरी हसतात. मग तुमची करणी सांगतो आणि बजावतो: सारखं दिसलं म्हणून लगेच पुसायचं नाही, आधी किती वेळा आलं ते मोजायचं, मग जन्मतारीख ताडून पाहायची. तुम्हाला तर तेवढंही करायचं नव्हतं. नुसती मान वर केली असती तरी दोघं दिसलो असतो.

गेल्या रविवारी नात म्हणाली, "आबा, एक राहूनच गेलं. तेबी काढू काय?"

"राहू दे. चिडाले कोणी त पाहिजे."

हे पत्र कुठं टाकणार नाही, म्हणून सांगतो. खरा सूड घ्यायचा तर डब्यात तुमचं नाव हवं होतं. चाळीसही डब्यांत मी नुसतं 'गुरुजी' लिहिलंय. तुमचं नाव लिहायला हात अजून धजत नाही.