उन्हात ठेवलेलं कॉम्पोट

१२ मार्च २००५, चँडलर, अॅरिझोना

गाढवांचा बाजार नुसता! जुन्या सामानाच्या दुकानात एक टोपीवाला जांभळे ग्लास विकत होता. "रेअर कलर, सर!" रेअर म्हणे! जुन्या साच्यातल्या काचेत मँगनीज असतं, ऊन खाऊन खाऊन ती जांभळी पडते. हा लुच्चा छपरावर वाळत घालतो आणि पब्लिक तुटून पडतं. बाटलेली काच ती. फुकट दिली तरी घरात घेणार नाही.

२७ मार्च

शेजारचे शैलेंद्र आणि लतिका जेवायला. लतिका माझ्या कपाटाला नाक लावून विचारते, "काका, हे क्रिस्टल ना?" चिप डिझाइन करते म्हणे ही बाई! साच्यात दाबलेली प्रेस्ड ग्लास आणि क्रिस्टल यांतला फरक कळेना.

लगेच आमची नीला — "अहो, त्या पायाच्या भांड्यातून श्रीखंड देऊ या ना. एकदा तरी!" म्हटलं, "तुझे हात स्टीलच्या डब्यांचे. काचेला नकोत." शैलेंद्र हसला. नीला उठून आत गेली. विनोद समजायलाही अक्कल लागते.

२ जून

उद्या लेकीकडे, सईकडे, हर्नडनला. तिथून ओहायोतले जुन्या काचेचे लिलाव. नीला येत नाही म्हणाली. सुटलो!

३ सप्टेंबर

सत्यानाश!! तीन महिन्यांनी घरी आलो, मागच्या अंगणात गेलो आणि — माझं कॉम्पोट! अठराशे ऐंशीच्या सुमाराचं, उंच पायाचं काचेचं भांडं, पाण्यासारखं स्वच्छ. तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवलेलं. आत साखरांबा! आणि काच जांभळट!

नीला म्हणते, "इंडियन स्टोअरमध्ये कैऱ्या छान आल्या होत्या. उन्हातला तुम्हाला आवडतो ना. बरण्या सगळ्या भरल्या, म्हणून हे घेतलं. उन्हाळाभर तिथेच होतं."

अॅरिझोनाच्या उन्हात! मी म्हटलं, "इतकी वर्षं अमेरिकेत राहून गावंढळ ती गावंढळच राहिलीस. तुझ्यापेक्षा त्या भांड्याची किंमत जास्त होती."

ती हात पुसत आत गेली. साखरांब्याचा वास मात्र झकास येत होता. मी चाखला नाही.

५ सप्टेंबर

माझं ताट वाढून ठेवते, स्वतः आत जाऊन जेवते. नाटकं!

१८ सप्टेंबर

सईकडे जायचं म्हणते. खुशाल जा म्हटलं. चार दिवस घरात शांतता तरी मिळेल.

२४ सप्टेंबर

नीलाला एअरपोर्टवर सोडलं. दोन मोठ्या बॅगा. गाडीच्या खिडकीशी वाकून काहीतरी म्हणाली. लग्न झाल्यापासून ही बाई कोपऱ्यावर दूध आणायला निघाली तरी "येते हं" म्हणून निघते. मीही सवयीने "ये" म्हणून मोकळा झालो.

फ्रीवेला लागल्यावर डोक्यात शिरलं. ती आज "जाते" म्हणाली.