कागदावर तळं झालेलं शेत

सासूबाई, सोमवारी तुमच्या शेताची रजिस्ट्री आहे. तुमच्या मुलामागं कागदावर नाव माझं, म्हणून मला गाडीत बसवून नेणार आहेत. सही करीन, चौथीपर्यंत शिकले आहे. त्या चौथीवरून तुम्ही मला जन्मभर टोमणे मारलेत, "चार बुकं वाचली अन् वरणात मीठ घालायचं विसरली." आज तीच चौथी कामाला आली बघा, तुमचं शेत विकायला. तुम्ही असतात तर दारात आडव्या झाला असतात. मी होणार नाही. गुडघे वाकत नाहीत, आणि आडवं होऊन उपयोगही नाही. तरी म्हटलं, ज्या बाईनं ते शेत शेत म्हणून ठेवलं, तिला कुणीतरी सांगायला हवं, की ते कॉलनीवाल्यांनी ओरबाडलं नाही की दुष्काळानं मारलं नाही. आम्ही ते वाचवायला गेलो, आणि त्यातच ते गेलं.

मी लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा हे शेत काय प्रकार आहे तेच मला कळेना. तुमचे मालक, आमचे मामाजी, कारखान्यात फिटर, टाऊनशिपमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. शेजारणी दुपारी स्वेटर विणत बसायच्या, आणि तुम्ही डोक्याला फडकं बांधून कुंपणापलीकडं, मामाजींनी फंडातून घेतलेल्या शेतात. आमच्या यवतमाळकडं पावसात शेतातलं पाणी बाहेर काढतात. इथं सगळं उलटं. चहूबाजूंनी उंच बांध, आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत शेत पाण्याखाली. काही पेरायचं नाही. काळी माती नुसती पाणी पीत पडून राहायची. मग खालच्या शेतवाल्याला विचारून मोरी उघडायची, पाणी सोडायचं, आणि त्या ओलीवर गहू. पुन्हा वरून एक थेंब द्यायचा नाही. मी पहिल्यांदा पाहिलं आणि ओरडले, "अगं बाई, शेत बुडालं!" तुम्ही हसला नाहीत. मामाजी हसले. कारण पहिल्या वर्षी तुम्हीही तेच म्हणाला होतात, आणि नुसतं म्हणून थांबला नव्हतात. कपाशीच्या मुलखातली बाई, कुदळ घेऊन भर श्रावणात बांध फोडून आला होतात. बटाईनं, निम्म्या वाट्यानं, शेत करणारे कक्का धावत आले म्हणे: "जे का कर दओ, बाई साब? खेत प्यासो मर जैहे!" त्या साली गहू गुडघ्याएवढासुद्धा झाला नाही, खालच्या वस्तीची विहीर होळीच्या आधीच आटली, आणि तिथल्या बाया तुमच्या नावानं बोटं मोडत रिकाम्या घागरी घेऊन फिरल्या. त्यानंतर बांधाच्या बाबतीत तुम्ही कुणाला माफ केलं नाहीत. मला तर नाहीच.

नव्या सुनेला पहिल्या सणाला साडी देतात. तुम्ही मला मामाजींना कारखान्यातून मिळालेले गमबूट दिलेत. काळे, होडीएवढे. पुढं चिंध्या कोंबल्या आणि म्हणालात, "जा, बांध फिरून ये." मोठा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी बांधावरून चालायचं, खेकड्यांची बिळं शोधायची, चिखलाचा गोळा घालून टाचेनं ठासायचा. सकाळी बोटाएवढं असलेलं बीळ संध्याकाळी मनगट गिळतं. एकदा मी पोटुशी होते, कंटाळा आला, पलीकडचं टोक न बघताच परत फिरले. तुम्ही ओट्याशी गवार मोडत बसल्या आहात. माझ्याकडं बघत नाही, बुटांकडं बघता. "त्या टोकाला पिवळी माती आहे. तुझ्या बुटाला नाही." शेगडीवरचं दूध वर येत होतं, ते तसंच उतू जाऊ दिलंत आणि स्वतः निघालात. जाताना म्हणालात, "पोट आहे म्हणून सोडते. नाहीतर तुलाच त्या बिळात ठासली असती." मी मनात तुम्हाला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. वर कुणी वाचून दाखवलं तर पंचाईत व्हायची.

तुम्ही गेलात, मग मी फिरले. माझे गुडघे गेले, मग कक्कांचा मुलगा फिरला. गव्हात त्याचा निम्मा वाटा, म्हणून फिरला. बांधाच्या प्रेमानं कोण फिरतं? तुमचा नातू मंडीदीपला कंपनीत लागला, आम्ही क्वार्टर सोडून इंद्रपुरीत घर केलं. तोवर शहर शेतांकडं सरकायला लागलं होतं. कोलार रोडला काय झालं ते पाहिलं होतंच. जिथं हरभरा उपटून खाल्ला तिथं आता लोक लिफ्टनं वर जातात. आमच्या बाजूलाही दलाल चकरा मारायला लागले. नातू म्हणाला, "आई, गहू विकून घराचा रंगसुद्धा होत नाही. देऊन टाकू." त्याचं चूक नव्हतं. पण त्याची मुलगी, तुमची पणती, तुम्ही पाहिली नाही ती, तिनं घर डोक्यावर घेतलं. ती हेच शिकली आहे कॉलेजात, जमीन धान्याशिवाय काय काय देते आणि त्याची किंमत कशी मांडायची. मला समजावायला बसली. "आजी, आपलं शेत पाणी मुरवतं, खालची विहीर भरतं, पूर अडवतं, पक्ष्यांना जागा देतं. याला सेवा म्हणतात."

"सेवा? मग पगार कोण देतं?"

"कोणीच नाही ना! वही तो प्रॉब्लेम है."

"म्हणजे घरातल्या बाईसारखंच की."

ती इतकी हसली की मला वाटलं, पोरगी हुशार आहे, हिच्या हातून काहीतरी होईल. तिनं अर्ज केला. पाणथळ जागा म्हणून सरकारी यादीत नाव लागलं की तिथं कुणाला बांधकाम करता येत नाही, असं ती म्हणाली. अर्जाला भर पावसाळ्यातला फोटो लावला: बांधापासून बांधापर्यंत चकचकीत पाणी, बगळे, बदकं. साहेब लोक पाहायला आले तेही भादव्यातच. दुर्बिणी लावल्या, वा वा केलं. मी त्यांना चहा पाजला. शेताचं नाव यादीत लागलं, हिरवी पाटी ठोकली, आम्ही शेजारी पेढे वाटले. दलाल यायचे थांबले. मला वाटलं, जिंकलो. मलाही तेव्हा काही सुचलं नाही, सासूबाई, कक्कांच्या मुलालाही नाही. पाणी असलेलं शेत आम्ही इतक्या वर्षांपासून बघत होतो, की ते दुसऱ्याला तळं दिसेल हे डोक्यातच आलं नाही.

दसरा झाला. कक्कांचा मुलगा मोरी उघडायला गेला आणि हात हलवत परत आला, मागं खात्याचा माणूस. पाणी सोडायचं नाही, नांगर घालायचा नाही, पेरायचं नाही. मी म्हटलं, "अरे भैया, अब गेहूं बोना है." तो माणूस वाईट नव्हता, नीट बसून बोलला. "माताजी, तालाब में गेहूं कौन बोता है?"

"तालाब नहीं है, खेत है."

"काग़ज़ पे तो तालाब है. और माताजी, अर्ज़ी आप ही के घर से आई है."

पोरगी दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्यांत खेटे घालायला लागली. ती किती ठिकाणी गेली, किती जणांना समजावलं, की पाणी गव्हासाठी अडवतात, गहू नाही तर पाणी अडवायचं कुणाला पडलंय. ऐकून घ्यायचे. एक साहेब तिला म्हणाले, बेटा, तुमने ही तो इतना अच्छा लिखा था. यादीतून नाव काढायचा रस्ता होता, पण त्यासाठी तिथं पाणी राहत नाही असं दाखवावं लागणार होतं.

ते दाखवायला आम्हाला काही करावं लागलं नाही. पेरणी नाही तर वाटा नाही. कक्कांचा मुलगा मंडीदीपला गोदामात लागला. पाटी लावणाऱ्यांनी पाटी लावली, बांधावरून फिरायला त्यांच्यात कुणाची नेमणूक नव्हती. पणती पहिल्या पावसाळ्यात फिरली, हे खरं. तुमचेच बूट घालून. पण तिची नोकरी, तिचा रोजचा बसचा प्रवास, किती फिरणार? दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी बांध बसला. सगळं पाणी खाली नाल्यात गेलं, वाटेत वस्तीतल्या दोन झोपड्यांच्या भिंती घेऊन. पुढच्या वर्षी शेतात बेशरमाची झुडपं, बाभळी, आणि भेगा. बदकं आली नाहीत. विहीर पुन्हा होळीआधी आटली, पण या वेळी कुणी माझ्या नावानं बोटं मोडली नाहीत. टँकर येतो. विहीर कशानं भरायची हे आठवणारंच तिथं कुणी उरलेलं नाही, आणि मला त्या शिव्यांपेक्षा हे जास्त लागलं.

मग साहेब लोक परत आले. या वेळी उन्हाळ्यात. पाणी नाही, पक्षी नाहीत. यादीतून नाव काढलं. आता जमीन मोकळी आहे, काहीही करा. पणती मला म्हणाली, "आजी, बांध परत घालू या?" मी म्हटलं, "घाल. मग रोज कोण फिरेल?" ती रडायला लागली. मी तिला दोष देत नाही, तसं तोंडावर सांगितलंही, आणि माझ्या तोंडून गोड शब्द निघाला म्हणून ती जास्तच रडली. तिनं नसतं केलं तर नातवानं तेव्हाच विकलं असतं. पेरत राहिलो असतो तर कॉलनीनं खाल्लं असतं, वाचवलं तर वाचवण्यानं खाल्लं. तिसरी वाट मी पुष्कळ शोधली. तुम्हाला दिसत असली तर तुमची तुमच्याजवळ ठेवा, आता उशीर झाला आहे. त्या पोरीनं पाण्याची किंमत मांडली, पक्ष्यांची मांडली. खेकड्याचं बीळ ठासणाऱ्या टाचेची मांडायची राहिली, कारण ती टाच मी आणि तुम्हीही कधी कामात धरली नव्हती. आपण तिला सुनेची शिक्षा समजत होतो.

घेणारा म्हणतो, इथं गेटवाली कॉलनी होईल, मधोमध शोभेचं तळं करणार. मी हसले. नातवाला वाटलं, आई खूश झाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारे मामाजीही तिकडंच. लिहिलं ते एका कारणासाठी, तेवढं सांगते आणि पुरे करते. जन्मभर मी शेजारणींना ऐकवत आले, की आमच्या ओलीवरच्या गव्हाची पोळी मी डोळे झाकून ओळखीन. मागच्या आठवड्यात पणतीनं पोळ्या केल्या. मी म्हटलं, "हा गहू कुठून आणलास गं? थेट आपल्या शेतातल्यासारखा लागतो." ती म्हणाली, "आजी, पाकिटाचा आटा है." मी दुसरी पोळी मागून घेतली, आणि तीही गोड लागली.