बटाट्यांची तुकडी

३ नोव्हेंबर, सोमवार
शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफी असावी. टायपिंगपण हळू आहे. आईचा फोन, स्क्रीनला तडा, एक अक्षर दाबलं की दोनदा उठतं. माफी कुणाची मागतोय काय माहीत. हे कुणी वाचणार नाहीये.
आजपासून रोज लिहिणार. ध्येय: कॅडेटचा तुकडीप्रमुख होणे. शाळा सोडून वर्ष झालं, पण ती तात्पुरती सोडलीय, बाबांचा मणका गेला म्हणून. नववीत कॅडेटचे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुझं ड्रिल एक नंबर आहे, आवाज असता तर तुलाच प्रमुख केला असता. म्हणजे प्रश्न फक्त आवाजाचा आहे. बाकी निवड झाल्यातच जमा.

५ नोव्हेंबर, बुधवार
काल लिहायचं राहिलं. फोन चार्जिंगला होता.
कोल्ड स्टोरेजमध्ये काम करण्याचा एक फायदा. भिंती जाड, आत कितीही ओरडा, बाहेर जात नाही. सगळे जेवायला गेले की मी बटाट्याच्या पोत्यांना ऑर्डर देतो. आज ‘सावधान’ दिलं. पोती सावधानच होती. ‘थांब’ अवघड. ते डावा पाय टेकतानाच द्यायचं, नाहीतर तुकडी एकमेकांच्या अंगावर जाते. पोती चालत नाहीत, त्यामुळे माझी चूक शून्य.
मुकादमने दारातून बघितलं. म्हणाला, सेनापती, सैन्याला कोंब फुटायला लागले, जरा हलवा त्यांना. नेत्याने प्रत्येकाला उत्तर द्यायचं नसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
उतारावर ट्रॉली उभी करताना चाकाखाली जे लाकूड लावतात ते पार झिजलंय. आज भरलेली ट्रॉली वीतभर सरकली. मुकादमला सांगायला गेलो. तो फोनवर. उभा राहिलो. फोन संपला, लगेच दुसरा आला. मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, काय म्हणून. मी म्हटलं, काही नाही.
सोमवारी सांगणार. नक्की.

१० नोव्हेंबर, सोमवार
मुकादम सकाळपासून चिडलेला. उद्या.
धाकटी बहीण यंदा आठवीत, तीपण कॅडेटमध्ये. पुस्तिका मोठ्याने पाठ करते. चांगला नागरिक धोका दिसताच इतरांना सावध करतो. बाबा पलंगावरून म्हणाले, मग मला लग्नाआधी का नाही कुणी केलं. आईने पातेलं आपटलं.
मी म्हटलं, मला अख्खी पुस्तिका तोंडपाठ आहे. धाकटी म्हणाली, पाठ असून काय करायचंय दादा, दुकानदाराने साखरेऐवजी मीठ दिलं तरी तू गपचूप घेऊन येतोस. एकदाच झालं होतं. आणि मीठ संपतच आलं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मोठी बातमी! येत्या गुरुवारी सर तुकडी घेऊन आमच्याकडे येतायत. ‘श्रमाचा मान’ असा धडा आहे, त्यासाठी. शहरात एवढे कारखाने, मग आमचंच कोल्ड स्टोरेज का? मी आहे म्हणून. मोठी माणसं सरळ बोलवायला येत नाहीत, असं निमित्त काढतात. धाकटी म्हणाली, सरांना तू आठवतसुद्धा नसशील. लहान आहे, कळत नाही तिला.
प्लॅन: तुकडी आत आली की माझी एकच ऑर्डर. तुकडी, थांब! सर वळतील. पुढचं सर बघून घेतील.
लाकडाचं राहिलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
जुना युनिफॉर्म काढला. पँट घोट्याच्या वर, पोटाशी बटण उडालं. जाकिटात झाकलं जाईल. आवाज जबरदस्त लागलाय. आज ओरडलो तर पाइपवरचा बर्फ पडला. निदान तेव्हाच पडला.
मुकादम आज हसतखेळत होता. कशाला उगाच त्याचा मूड घालवा.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी
जसं झालं तसं लिहितो.
तुकडी आली. दोन रांगा. धाकटी सगळ्यात मागे, उंची कमी म्हणून. मी पोत्यांपाशी उभा. सर म्हणाले, बघा मुलांनो, हे लोक या गारठ्यात राबतात म्हणून आपल्या ताटात भाजी येते. हात माझ्याकडे केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी जाकिटाची चेन जरा खाली केली, युनिफॉर्म दिसावा म्हणून. सर पुढे गेले होते.
मग प्रमुखाने ऑर्डर दिली आणि रांग उताराच्या पायथ्याशी निघाली. वर ट्रॉली सुटली. भरलेली. सगळ्यांच्या आधी मला दिसली. त्यांचा डावा पाय टेकत होता. बरोब्बर वेळ.
मी तोंड उघडलं. वाफ आली.
नुसती वाफ.
नंतर धाकटी ओरडली. तिला आवाज आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, हॉस्पिटल
धाकटीच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आई माझ्याशी बोलत नाही, म्हणजे दमली असेल. मुकादम म्हणाला, लाकूड झिजलंय हे एका शब्दाने कुणी सांगितलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं रे. मी मान हलवली.
सर येऊन गेले. माझ्याकडे बघून धाकटीला हळूच म्हणाले, हा तिथला कामगार ना, मुका आहे का गं? ती म्हणाली, नाही सर, माझा दादा आहे. घरी बोलतो.
वेळ चुकली नव्हती. डाव्या पायावरच होती. आवाज थोडा कमी पडला. उद्यापासून सराव डबल.
हॉस्पिटलसमोरच्या न्हाव्याने आज दुकान कायमचं बंद केलं. खुर्ची फुटपाथवर ठेवून गेलाय, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. इथे पोती नाहीत, सरावाला तीच चालेल.