गळकी टाकी आणि कॅप्टन भावजींचे तीन चमचे

दादा, तुम्ही पाठवलेलं पार्सल बुधवारी दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: लेप खरवडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या सहा, रबरी हातमोजे दोन जोड (एका जोडात दोन्ही डावेच आहेत), सुताचे बोळे एक किलो, रिव्हेटांची पुडी एक. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे चारशे बारा, टपालखर्च अठ्ठावन्न वेगळा. पुडीवर दोनशे नग लिहिलंय, मी दोनदा मोजले, एकशे एक्क्याण्णव भरले. तुमच्यावर माझा संशय नाही. पण पुडीला भोक नव्हतं, हेही खरं.

आता नमस्कार, तो आधी लिहायचा राहिला. तुमच्या दोघांच्या पायांवर डोकं ठेवते. वहिनींचा गुडघा कसा आहे? डॉक्टर पालटला म्हणालात, पण नवा डॉक्टर त्याच औषधवाल्याकडे पाठवतो का, तेवढं बघा. आमच्याकडे देवाच्या दयेने सगळं धडधाकट आहे, विमान सोडून.

तुम्हाला माहीतच आहे, नऊ वर्षं आमच्या मागच्या शेडमध्ये ह्यांचं आणि कॅप्टन भावजींचं दोघं बसतील एवढं विमान चाललंय. (भावजी म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. विमानतळावर दुसऱ्यांच्या विमानांत इंधन भरायची नोकरी केली, स्वतः जमिनीवरून कधी उठले नाहीत, पण सगळे कॅप्टन म्हणतात आणि तेही ओ देतात.) भावजींनी रोज पाचाच्या ठोक्याला यायचं, चहात तीन चमचे साखर घालून घ्यायची आणि शेडमध्ये शिरायचं. हे बाहेरून रिव्हेट ठोकणार, भावजी आतून लोखंडी ठोकळा धरणार. एकट्याच्याने रिव्हेट बसत नाही, हे मी नऊ वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहून शिकले. आणि दादा, आज आठवा दिवस, ठोकळा नुसता पडून आहे. भावजी येत नाहीत. हे शेडमध्ये स्टुलावर बसतात, जेवायला हाक मारली तर अर्धी पोळी खाऊन उठतात. नऊ वर्षांचं काम आणि पंचेचाळीस वर्षांची मैत्री त्या एका टाकीपायी जाते की काय, म्हणून हे पत्र.

टाकी पंखाच्या पोटात असते. ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि सांध्यांना आतून लेप. लेपाच्या वस्तू दोन: मोठ्या डब्यात घट्ट पांढरा गोळा आणि लहान बाटलीत काळं औषध, ज्याने तो गोळा आवळतो, म्हणजे सुकून कडक होतो. दोन्ही तोलून कालवायचं. तोलायचं काम माझ्याकडे, कारण ग्रॅमचा खरा काटा घरात एकच, तो माझा. (वास सडक्या अंड्यांसारखा. तीन दिवस मी नाकाला रुमाल बांधून जप केला, देवाने ओळखलं असेल अशी आशा आहे.) ह्या दोघांवर सोडलं असतं तर सबंध बाटली संपवून बसले असते. मी हात राखून तोलून दिलं म्हणून अर्धी बाटली आजही कपाटात आहे, साखरेच्या डब्याशेजारी, वर ‘उरलेले, अर्धे’ अशी चिठ्ठी डकवून. पण ह्या घरात बचत केलेली कुणाला दिसत नाही.

लेप भावजींनी बोटाने कोपऱ्याकोपऱ्यात भरला. पंधरवड्यानंतरही हाताला चिकट लागत होता. हे म्हणाले, थंडी आहे, आवळेल. टाकी बंद केली, वीस लिटर पेट्रोल घातलं. दुसऱ्या दिवशी मी झाडूच्या हिराने खोली मोजली, तर अर्धं बोट कमी! तिसऱ्या दिवशी आणखी कमी. आता, शेडची दुसरी किल्ली कुणाकडे? भावजींकडे. स्कूटर कुणाकडे? भावजींकडे. मी उघड काही बोलले नाही, पण स्कूटरचा काटा येता-जाता बघायला लागले. चौथ्या दिवशी पंखाखालच्या फरशीवर निळा डाग दिसला (विमानाच्या पेट्रोलला रंग असतो), तेव्हा चोरीचा मुद्दा मी तात्पुरता बाजूला ठेवला.

मग तपासणी. पेट्रोल काढून टाकी सुकवायची, सगळी तोंडं बंद करायची, एका नळीला फुगा बांधायचा आणि सायकलच्या पंपाने अगदी हळू हवा भरायची. फुगा टिकला तर टाकी पक्की. मी स्वतः दुपारभर जपमाळ घेऊन फुग्यासमोर बसले, म्हणजे कुणी हात लावायला नको. सहापर्यंत फुगा सुकलेल्या वांग्यासारखा झाला. नंतर सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, तर बुडबुडे नेमके कोपऱ्यांतून. तेव्हा मी ह्यांना सहज एवढंच म्हटलं, “कोपरे कुणी भरले होते हो?” माझं तेवढंच. ह्यांनी ते दुसऱ्या दिवशी भावजींना तोंडावर विचारलं. भावजींनी ठोकळा खाली ठेवला, हात पुसले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि चहा न घेता गेले. भरलेला कप तसाच. (तीन चमचे साखरेचा. मी प्यायला घेतला, पण इतका गोड की संपला नाही.)

मला विचाराल तर ह्यात दुकानदार आहे. लेप त्याच्याकडून आणायला भावजींनीच सांगितलं होतं, आणि तो डबा देताना दोनदा हसला. शिळा माल गळ्यात मारला असणार. तुमची हयात टँकरच्या टाक्या सांधण्यात गेली. शिळा लेप कसा ओळखायचा ते लिहा, म्हणजे मी दुकानात जाऊन त्याला चार माणसांत उभा करते.

तुमची धाकटी बहीण

ता. क. पत्र पाकिटात घालून तिकीट लावलं आणि वाटलं, दुकानदाराला नुसत्या तोंडाने काय सांगणार, पुरावा हवा. म्हणून डब्यातला कागद काढून वाचला. इंग्रजी बारीक होतं, पण मॅट्रिकला माझे इंग्रजीत साठ होते. कागदात लिहिलंय, दहा भागांना एक भाग काळं औषध काटेकोर घालावं, कमी पडल्यास लेप आवळत नाही, चिकट राहतो आणि गळतो. दादा, मी दहाला अर्धा घातला होता. चहाच्या पुड्यावर एक चमचा लिहिलेला असतो, मी अर्धा घालते. कपड्यांच्या सोड्याचंही तेच. लवकर संपावं म्हणून सगळेच दुप्पट लिहितात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. विमानाला तो लागू नाही असं दिसतं.

पाकीट वाफेवर उघडून हे लिहिते आहे. मागची पानं फाडत नाही, दोन्ही बाजूंनी भरली आहेत. भावजींबद्दलचा मजकूर वाचला नाही असं समजा. एक नवा डबा तुमच्याकडून गुपचूप पाठवा, आणि ह्यांना वेगळं पत्र घाला की थंडीत लेप आवळत नाही. खोटं लिहा असं मी सांगणार नाही, वर देव बघतो आहे. पण थंडी होती.

आणखी ता. क. पाकीट पुन्हा उघडावं लागलं. आत्ता पाचाला भावजी आले. चहाला नव्हे, आपला ठोकळा न्यायला. मी तरी आधण ठेवलं. हात पिठात होते म्हणून म्हटलं, साखर कपाटातून तुम्हीच घ्या. त्यांनी कपाट उघडलं आणि उभेच राहिले. चिठ्ठी वाचली. बाटली उजेडाला धरून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “साखर शेजारच्या डब्यात आहे.” त्यांनी बाटली होती तिथे ठेवली, साखर एकच चमचा घेतली आणि कप घेऊन शेडकडे गेले. मी खिडकीशी. ह्यांना म्हणाले, “कोपरे माझ्याच हातून बिघडले रे. थंडीत बोटं वळत नव्हती. चल, उघडू टाकी.” हे स्टुलावरून उठले. पाच मिनिटांत ड्रिलचं कुठलं टोक घ्यायचं ह्यावरून दोघांचा आरडाओरडा ऐकू आला, आणि मी देवापुढे हात जोडले.

तर ते थंडीचं पत्र आता नको, भावजींनी सांगून टाकलं. टाकीखालची फरशी एकदा कोरडी राहिली की मी स्वतः ह्यांना खरं काय ते सांगणार आहे, देवासमोर तसं बोलून बसले आहे. डबा मात्र पाठवा, आणि बाटली काठोकाठ भरलेली आहे का ते दुकानातच पाहून घ्या. उद्यापासून भावजींच्या चहात तीन चमचे मीच घालणार आहे, बघू काय म्हणतात. कारण दादा, चिठ्ठी वाचूनसुद्धा माणूस गप्प बसतो, वर दोष स्वतःच्या अंगावर घेतो आणि साखर एकच चमचा घेतो, ह्यात काहीतरी आहे. त्यांना नक्की काय हवं असेल, तुम्हाला काय वाटतं ते उलट टपाली कळवा.